रोहतांग खिंडीच्या दोन बाजूंचे हवामान इतके भिन्न का?

प्रश्न: हिमाचल प्रदेशातील या खिंडीच्या दक्षिणेस कुलूची देवदारवने आणि उत्तरेस लाहौलचे उजाड डोंगर दिसतात, ३,९७८ मीटर उंचीच्या एका खिंडीमुळे एवढा फरक कसा पडतो?

उत्तर १: खिंडीमुळे नव्हे, ती जिच्यावर आहे त्या पीर पंजाल या हिमालयातील डोंगररांगेमुळे. मोसमी वारे दक्षिण उतारावर चढताना थंड होऊन बहुतेक बाष्प तिथेच सोडतात, त्यामुळे लाहौल पर्जन्यछायेत राहते. तिथला बराचसा वर्षाव हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभांनी (पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणालींनी) आणलेल्या हिमाचा असतो.

उत्तर २: पाणीही इथेच विभागते, बियास दक्षिणेस उतरते, तर उत्तर पायथ्याची चंद्रा पुढे भागेला मिळून चिनाब होते. खडक मात्र खिंडीच्या परिसरात नाइस व शिस्ट असे रूपांतरितच (उष्णता व दाबाने बदललेले) आहेत.

प्रश्नकर्ता: म्हणजे उजाडपणाचे कारण खडकात नव्हे, पावसात शोधावे लागेल.