रेनेसान्स फेअरला लुगडे नेसून जावे का?

चांदणवेल:
नमस्कार. आम्ही पाच मैत्रिणी सप्टेंबरमधल्या एका शनिवारी अमेरिकेतील मेरिलँड राज्यातील क्राउन्सव्हिल येथे भरणाऱ्या रेनेसान्स (युरोपातील प्रबोधनकाळाच्या) फेस्टिव्हलला जाणार आहोत. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत दर शनिवार-रविवारी तेथे सोळाव्या शतकातला इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या काळातले एक इंग्रजी खेडे उभे राहते, राजा दरबाऱ्यांसह रस्त्यांतून फिरतो आणि येणाऱ्यांपैकी बरेच जण जुन्या काळाचा वेश करून येतात, एवढे आम्ही वाचले आहे. अडचण या वेशापाशीच आली आहे. दोघींना कॉर्सेट (कंबर आवळून बांधायची चोळी) आणि झगा भाड्याने घ्यायचा आहे, दोघींना जीन्सच बरी वाटते आणि मला मात्र आजीचे इरकली लुगडे नेसून जावेसे वाटते. ते तिथे विसंगत दिसेल, असे मैत्रिणींचे मत आहे. जे जाऊन आले आहेत त्यांनी कृपया सांगावे. दिवसाच्या आखणीबद्दलही काही सुचवले तर आनंद होईल.

भटका_जोशी:
मी निरनिराळ्या राज्यांतल्या अशा चार जत्रा पाहिल्या आहेत. वेश कोणताही करा, पण पायांचा विचार आधी करा. जमीन कच्ची असते, पाऊस पडून गेला असेल तर चिखल होतो आणि दिवसभरात बसणे फार कमी घडते. पहिल्या खेपेला मी केवळ शोभेसाठी नवे कोरे चामडी बूट घातले आणि दुपारनंतरचे सगळे कार्यक्रम टाचेवरच्या फोडांशी झुंजत पाहिले. या दृष्टीने पाहिले तर काष्ट्याचे लुगडे घोळदार झग्यापेक्षा उजवेच ठरते. भाड्याचे कॉर्सेट मात्र सैलसर बांधून घ्या, कारण सप्टेंबरचे ऊन तिकडे बऱ्यापैकी कडक असते.

आखणी म्हणाल तर घोडेस्वारांची भाल्यांची झुंज, म्हणजे जाउस्ट, दिवसातून एकापेक्षा अधिक वेळा होते. पहिली झुंज गाठावी आणि जागा धरण्यासाठी अर्धा तास आधी जावे. राजा तिथे उच्चासनावर बसलेला दिसेल, तेव्हा एक गोष्ट आठवावी: खरा हेन्री जानेवारी १५३६ मध्ये अशाच खेळात घोड्यासकट कोसळला आणि त्यानंतर त्याने स्वतः भाला धरला नाही. मधल्या वेळात लोहार, काचकाम करणारे, शिकारी पक्षी बाळगणारे यांच्यापाशी रेंगाळावे. सुट्या नोटा जवळ असू द्याव्यात, कारण कसरतीचे आणि विनोदाचे अनेक खेळ करणारे शेवटी टोपी फिरवतात आणि त्यांच्या कमाईचा मोठा भाग त्या टोपीतच असतो. मी हे उशिरा शिकलो, त्याची आजही थोडी लाज वाटते.

पोथीवाला:
लुगडे विसंगत का ठरावे? हेन्री १५०९ मध्ये गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी पोर्तुगिजांनी गोवा घेतले. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरून लिस्बनकडे जहाजे जात होती आणि एखादी मराठी बाई त्या वाटेने इंग्लंडात पोहोचली, ही कल्पना फारशी ताणलेली नाही. त्याहून गंमत पुढे आहे. हेन्रीच्या मुलीच्या, म्हणजे एलिझाबेथच्या कारकिर्दीत राल्फ फिच नावाचा लंडनचा व्यापारी १५८३ मध्ये निघाला, इराणच्या आखातातील होर्मुझ येथे पोर्तुगिजांकडून पकडला गेला आणि गोव्याच्या तुरुंगात पडला. त्याला जामिनावर सोडवण्यास मदत करणारे फादर थॉमस स्टीफन्स हेही इंग्रजच होते आणि १५७९ पासून गोव्यात होते. पुढे याच गृहस्थांनी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ मध्ये छापले गेले. ट्यूडर, म्हणजे हेन्री-एलिझाबेथच्या घराण्याच्या, इंग्लंडात जन्मलेला माणूस मराठी ओव्या लिहू शकतो, तर ट्यूडर खेड्यात लुगडे का दिसू नये?

काजवा:
पोथीवाले यांची माहिती वाचनीय आहे, पण त्यातली फिच आणि स्टीफन्स यांची गोष्ट हेन्रीच्या मृत्यूनंतरची आहे. तो १५४७ मध्ये वारला. शिवाय या पुराव्याची तिथे गरजही पडत नाही. जत्रेचा हा प्रकार मुळात इंग्लंडचा नव्हे, कॅलिफोर्नियाचा. फिलिस आणि रॉन पॅटरसन या दांपत्याने १९६३ मध्ये लॉस एंजेलिस येथे एका रेडिओ केंद्राच्या मदतीसाठी अशी जत्रा पहिल्यांदा भरवली आणि तेव्हापासून हा प्रकार नाटकाच्या अंगाने वाढला. ते काही संग्रहालय नाही. पंख लावलेल्या पऱ्या, शिंगे लावलेले वनदेव, इतकेच नव्हे तर हेन्रीनंतर शे-दीडशे वर्षांनी गाजलेले समुद्री चाचे तिथे राजाला मुजरा करताना मी पाहिले आहेत. गावकऱ्यांच्या भूमिकेतले नट मात्र तुम्हाला थांबवून, कोण, कुठून आलात, असे विचारतात. त्या वेळी नुसते हसून पुढे गेलात तर खेळ तिथेच विझतो; जीन्समधल्या मैत्रिणीने जरी ताठ मानेने उत्तर दिले तरी तो रंगतो. म्हणून कपड्यांवर जेवढी चर्चा केलीत, तेवढीच या उत्तरावर करा.

एक सूचना: वेशाला शोभा म्हणून तलवार किंवा कट्यार नेणार असाल, तर अशा जत्रांत ती म्यानात घालून दाराशीच बांधून घेतात आणि दिवसभर उपसू देत नाहीत. आधी नियम वाचून ठेवा.

चांदणवेल:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मैत्रिणींना हा धागा वाचायला दिला. जीन्सवाल्या दोघींनी आता गोव्याहून आलेल्या जहाजावरचे खलाशी व्हायचे ठरवले आहे, कारण त्यात जीन्स बदलावी लागत नाही. मी लुगडे नेसणार हे नक्की झाले. कोल्हापुरीऐवजी जुने, पायात मुरलेले बूट घालणार आहे आणि ते काठाखाली किती झाकले जातात, हे या रविवारी पाहणार आहे. भटका जोशी यांना एक विचारायचे राहिले: टोपीत साधारण किती घालावे, म्हणजे कलाकाराचा मान राहील?

भटका_जोशी:
खेळ मनापासून आवडला तर माणशी पाच डॉलर मी घालतो, आणि हसून पोट दुखले असेल तर दहा.