पहाटे पीएम २.५ चा आकडा १८०, धूळ की धूर कसं कळणार?

पहाटवारा:
नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीमागे आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट आहे आणि पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर रोज पहाटे कुणीतरी कचरा जाळतं. मुलाला दमा आहे म्हणून हवेतले बारीक कण (पीएम २.५) मोजणारा छोटा मीटर ऑनलाइन मागवला, तर सकाळी सहाला १८० आणि दुपारी ५० दाखवतो. प्लांटवाले म्हणतात कचऱ्याचा धूर, वॉर्ड ऑफिसवाले म्हणतात प्लांटची धूळ, आणि इकडे पोरगं रात्रभर खोकतंय. टेस्ट करून कळतं का नक्की कशाचं आहे?

फिल्टरपेपर:
कळतं ताई, पण मीटरवर नाही. त्यात लेझरचा उजेड कणांवरून किती विखुरला तेवढंच मोजतात, कण कशाचा आहे ते नाही, त्यात पहाटेच्या दमट हवेत कण पाणी धरून फुगतात आणि आकडा चढतो. म्हणजे १८० मधले काही ओलाव्याचे, पण सगळे नाहीत, थंडीत धूर खालीच साचतो हेही खरंय.
मी लॅबमध्ये हेच काम करतो. सॅम्पलर मिनिटाला १६.७ लिटर हवा फिल्टरमधून ओढतो, २४ तासांत २४ घनमीटर. आपल्याकडे पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे हवा मर्यादेवर असली तरी फिल्टरवर जेमतेम दीड मिलिग्रॅम जमतं! म्हणून फिल्टर चिमट्यानेच उचलायचा, आधी आणि नंतर ठरलेल्या आर्द्रतेत ठेवून मायक्रोबॅलन्सवर (अतिसूक्ष्म वजनकाट्यावर) तोलायचा, बोट लागलं की हिशोब गेला. मग एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) कॅल्शियम, सिलिकॉन खूप निघालं तर सिमेंट-माती. धुरासाठी क्वार्ट्झचा वेगळा फिल्टर लागतो, तो जीसी-एमएसवर (रसायनं वेगळी करून ओळखणारं यंत्र) लावला की पालापाचोळा, लाकूड जळलं असेल तर लेव्होग्लुकोसान सापडतं आणि प्लास्टिक जळलं असेल तर ट्रायफिनाइलबेंझिन.

निळाई:
सिमेंटची धूळ जाड असते ना, मग मीटरवर पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) बघितलं तरी कळेल की

फिल्टरपेपर:
जाड असते हे बरोबर, पण स्वस्त मीटर पीएम १० नीट मोजत नाहीत, बारीक कणांवरून अंदाज बांधतात बरेचसे. त्यावर भांडायला जाऊ नका. मात्र मीटर चालूच ठेवा, आग कधी लागली, वारा कुठून होता ते वेळेसकट लिहा, समीर या हवेच्या गुणवत्तेच्या सरकारी ॲपवर जवळच्या स्टेशनचा आकडा त्याच तासाला किती होता तेही.

पहाटवारा:
खूप आभार दादा, आजपासून वही घालते. प्लांट रविवारी बंद असतो, कचरा मात्र रोज जळतो, मग रविवारचा फिल्टर वेगळा घेतला तर?

फिल्टरपेपर:
अगदी हेच करा, पण एका रविवारवर थांबू नका, निदान चार-पाच घ्या आणि मधल्या वारांचेही तेवढेच.