सांतिनेजची खाडी: 'सगळी खाती एकत्र' म्हणजे नक्की कोण?

ओहोटीवाला
काल इथे एक पोस्ट वाचली. मनपा, जलस्रोत, साबांखा (सार्वजनिक बांधकाम खातं), स्मार्ट सिटी, प्रदूषण मंडळ असे सगळे एका टेबलावर बसले की पणजीतली सांतिनेजची खाडी दोन वर्षांत आरशासारखी होणार, तोवर नागरिकांनी रडगाणं बंद करावं. खाली अंगठ्यांची रांग. दुर्लक्ष करणार होतो, पण 'रडगाणं' हा शब्द डोक्यातून जाईना.

मी टोंकचा. खाती एकत्र बसायला माझी हरकत नाही. बसून करतात काय, ते सांगा. गाळ काढतात. मशीन उतरतं, काठावर काळा ढीग, त्या ढिगासमोर फोटो. जूनमध्ये पाऊस आला की अर्धा ढीग परत आत. आणि ज्या पाइपांतून घाण येते ते तिथेच. खाडी नागाळीच्या डोंगराखालून निघते, ताळगावच्या शेतांतून येते, तिथपर्यंत पंचायत. पुढे टोंक, कामराभाट, सांतिनेज करत कांपालला मांडवीत पडते, तो भाग मनपाचा. बरं, मैला शुद्ध करायचा प्रकल्प कुठे आहे? टोंकलाच, खाडीच्या काठावर! दवाखान्याच्या पायरीवर बसून माणूस आजारी.

गेल्या पावसात आमच्या मागच्या चेंबरमधून मैला उलटा येत होता. एका कार्यालयात म्हणाले, चेंबर आमचा, पाइप त्यांचा. 'त्यांच्या'कडे गेलो. पाइप आमचा, पण रस्ता खोदणाऱ्यांनी उतार बिघडवला. खोदणाऱ्यांचे साहेब साइटवर. साइटवर साहेब नाहीत. तीन आठवडे आम्ही मागच्या दाराला गोणपाट लावून राहिलो. ही तिन्ही खाती एकत्र बसली तर मला एकाच खेपेत तीन नकार मिळतील, एवढाच फायदा.

लेव्हल_मशीन
उतारा चांगला जमलाय, पण अर्धं चूक आहे. सरकारी नोकरीत केस पिकवलेत म्हणून सांगतो. खाडीत नुसतं फावडं घालायचं तरी पात्र एकाचं, काठावरची भिंत दुसऱ्याची, खारफुटीची फांदी तोडायची तर वन खातं, भरतीचं पाणी येतं म्हणून किनारी प्राधिकरण. एक परवानगी राहिली की पोकलेन भाडं खात उभं. एकत्र न बसता हे कसं करणार, तुम्हीच सांगा.

आणि गाळ हा फक्त फोटोसाठी काढतात, हे तर साफ चूक. ही भरतीची खाडी आहे. दिवसातून दोनदा मांडवीचं पाणी आत येतं, दोनदा बाहेर जातं, निम्मी सफाई फुकटात. पात्र उथळ झालं, मोऱ्या अरुंद झाल्या की भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, आतलं पाणी जागचं हलत नाही, कुजतं. पूर्वी दोन्ही बाजूंना खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याची सखल जमीन होती, भरती पसरायला जागा होती. तिथे आता कोण राहतं? तुमची इमारत भरावावर नाही ना, एकदा बघा.

ओहोटीवाला
बघितलं. भरावावर आहे. १९८९ साली वडिलांनी मला विचारलं नव्हतं.

कामराभाटची
आता कोणीतरी झोपडपट्टीवर घसरणार, म्हणून आधीच लिहिते. मी तिथेच जन्मले, आजही तिथेच राहते. दर पाहणीत साहेबलोक आमच्या मागे उभे राहून नाकाला रुमाल लावतात. मान्य, आमच्याकडचं पाणी जातं. पण आमच्या पाइपची जाडी माझ्या मनगटाएवढी, आणि वरच्या अंगाला मोठाल्या इमारतींचे जे येतात त्यांत मांजर शिरेल. रात्री अकरानंतर टँकर कुठे रिकामे होतात तेही बघा की एकदा. त्या वेळी रुमालवाले नसतात.

शेवट्याचं_तिखलें
तुमचे पाइप राहू देत. माझे आजोबा टोंकच्या पुलाखाली गरी टाकून शेवटे मासे काढायचे. घरी आणून आजी नुसतं मीठ-हळद लावून तव्यावर टाकायची. ती चव अजून जिभेवर आहे. खाडी साफ झाली का, ह्याची माझ्याकडे एकच परीक्षा: शेवटो.

मांडवीकाठ
पुलाखाली शेवटे नव्हते हो. काळुंद्र होती. शेवटे तोंडाकडे, कांपालला. आम्ही काढलेत.

शेवट्याचं_तिखलें
माझ्या आजोबांना शेवटो आणि काळुंद्र यांतला फरक कळत नव्हता असं म्हणायचंय?

मांडवीकाठ
आजोबांना कळत असेल. नातवाला कळत नाही असं म्हणतोय.

रव्यात_घोळवलेला
कशाला भांडताय, आज दोघेही शेजारच्या राज्यातून बर्फात आलेलाच खाताय. २०१८च्या जुलैत फॉर्मेलिनची आवई उठली, सरकारने बाहेरची मासळी काही दिवस बंद केली, तेव्हा सगळ्या गोव्याला कळलं की आपल्या ताटातलं किती आपलं आहे. आमच्या घरी तेव्हा पंधरा दिवस सोलकढी आणि सुकं खारं. बायको अजून बोलून दाखवते.

मांडवीकाठ
फॉर्मेलिन वेगळं, खाडी वेगळी. विषय भरकटवू नका.

रव्यात_घोळवलेला
शेवटे-काळुंद्र कोणी सुरू केलं?

शेवट्याचं_तिखलें
शेवटे तोंडाकडून भरतीबरोबर आतपर्यंत येतात, पिल्लं तर खाजनातच वाढतात. मानशीवर, खाजनाच्या पाण्याच्या दारावर, लिलाव कशाचा व्हायचा मग, काळुंद्रांचा? ज्याला हे माहीत नाही त्याने नावात 'मांडवी' लावू नये.

मांडवीकाठ
नाव बदलतो. 'तुमचे आजोबा' कसं वाटतं?

आकड्यांचा_माणूस
जरा शांत. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, गोव्यातले ११ पट्टे होते. साळ, म्हापसा, खुद्द मांडवीसुद्धा. बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायचं माप, लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेली की पट्टा यादीत. त्याच वर्षी हरित लवादाने राज्यांना नद्यांसाठी समित्या नेमायला लावल्या. म्हणजे 'सगळी खाती एकत्र' हा काही काल सुचलेला विचार नाही. आणि ११ नावांत सांतिनेज नाही. यादी नद्यांची, आपली खाडी कागदावर नाला.

कामराभाटची
नाला म्हटलं की कचरा टाकायला मोकळे.

लेव्हल_मशीन
मासे संपले असतील तर मुद्द्यावर येतो. बाईंच्या पाइपच्या जाडीचं निरीक्षण बरोबर आहे. आमच्या लोकांनी आधी मोठे पाइप धरायला हवे होते. झोपडीला नोटीस देणं सोपं असतं, सोसायटीच्या अध्यक्षाला कोणाचा ना कोणाचा फोन येतो. झालं समाधान?

कामराभाटची
अर्धं. 'आमच्या लोकांनी' हे लिहिलंत, तेवढंच पुष्कळ.

ब_विंग_सचिव
गप्प वाचत होतो. आमची ३२ फ्लॅटची इमारत, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. मलनिस्सारणाची लाइन समोरच्या रस्त्याखालून गेलीय. जोडणीचा खर्च सभेत ठेवला तेव्हा एक काका म्हणाले, सेप्टिक टँक आहे की, वीस वर्षांत कधी भरला नाही. सगळ्यांनी मान डोलावली. मीसुद्धा. ३२ घरांचा टँक वीस वर्षांत उपसावा लागत नाही म्हणजे काय, हे आज इथे वाचताना डोक्यात आलं.

ओहोटीवाला
घ्या! आणि मी खात्यांच्या नावाने बोटं मोडतोय. तरी एक विचारतो: ही जोडणी तपासायला तुमच्या दारात आजवर कोण आलं?

ब_विंग_सचिव
कोणी नाही. डेंग्यूवाले येतात, कुंड्या बघून जातात.

लेव्हल_मशीन
तपासायला समिती लागत नाही. कामावर आम्ही हिरवा रंग वापरायचो, घरी कपड्यांची नीळ चालेल. ओहोटी लागल्यावर संडासात अख्खी बाटली ओता, दोन बादल्या पाणी मारा, आणि एकाला खाडीत पाइपच्या अगदी तोंडाशी उभं करा. पुढे काळ्या पाण्यात मिसळली की दिसणार नाही. भरतीत करू नका.

शेवट्याचं_तिखलें
आणि तिथे मासा दिसला तर फोटो टाका. वाद मिटेल.

ओहोटीवाला
नीळ आली तर मान्य करेन की चूक फक्त खात्यांची नाही. पण मग त्या टेबलावर एक खुर्ची सोसायट्यांचीही लावा, आणि पाइपनिहाय एकेकाचं नाव लिहा. 'संयुक्त जबाबदारी' असं लिहिलंत तर मी पुन्हा धागा काढणार.

लेव्हल_मशीन
पाइपनिहाय नाव, हे मी सेवेत असताना लिहून दिलं होतं. फाइल कुठे आहे विचारू नका.

ब_विंग_सचिव
आज सकाळी साडेसहाला केलं. मुलगा खाली पाइपाशी, मी वर. सुरुवात आपल्याच फ्लॅटपासून केली, नंतर कोणी बोलायला नको. मुलाचा फोन सातव्या मिनिटाला आला. निळं.

काकांना अजून सांगितलेलं नाही. मासा दिसला नाही.