पाऊस झाला तरी गाव रिकामं का होतं? (ऊसतोड, उचल आणि मागे राहिलेली पोरं)

रानवाट (धागा मांडणारी)

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका वस्तीवर मी चौदा वर्षं शिकवते. दसऱ्यापर्यंत चौथीत एकवीस पोरं होती, दिवाळीनंतर नऊ उरली. बाकीची ऊस तोडायला निघालेल्या आईबापांबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून सांगली, कोल्हापूर, काही थेट बेळगावकडे गेली. आता येतील ती पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, परीक्षेच्या तोंडावर.

ही माणसं का जातात असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: दुष्काळ. १९७२ ची आठवण निघते. ती खरीच आहे. पण या चौदा वर्षांत मी विहिरी काठोकाठ भरलेली सालंही पाहिली, आणि त्या सालीही गाव रिकामं झालं. माझं मत असं की दुष्काळ माणसाला पहिल्यांदा बाहेर काढतो, त्यानंतर दरवर्षी नेते ती उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे. पावसाळ्यात हात मोकळे असतात तेव्हा मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार, दारात येतो आणि एका कोयत्यापोटी (नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात) लाखभर रुपये देतो. त्या पैशाला आधीच वाटा फुटलेल्या असतात. दवाखाना, लग्न, मागची बाकी.

हिशोब मांडून बघा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला साधारण ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असं धरलं तर ७३२ रुपये, तेही दोन माणसांचे. लाखाची उचल फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. म्हणजे एकही खाडा न करता साडेचार महिने. त्यात दर आठवड्याची खर्ची, म्हणजे घरखर्चाला मुकादमाकडून घेतलेले पैसे, अंगावर चढत जाते ती वेगळीच. पोराला ताप आला, खाडा. बाईची कंबर धरली, खाडा. पट्टा पडताना बाकी राहिली की पुढच्या सालचं जाणं तिथंच ठरलं.

आपल्या पायांनी निघालेल्या माणसाला स्थलांतरित म्हणावं. ही वेठ आहे.

कोयत्याचा पोरगा

मॅडम, तुमची कळकळ कळते, पण वेठ हा शब्द मागे घ्या. माझे आईवडील बावीस हंगाम गेले. आमचं दीड एकर माळरान, सातबाऱ्यावर चार भावांची नावं. वडिलांना बँकेनं पायरीवरसुद्धा उभं केलं नसतं. बहिणीचं बाळंतपण अडलं तेव्हा रात्री अकरा वाजता पैसे घेऊन आला तो मुकादमच. माणूस कडक होता, हिशोबात आम्हाला कापलंही असेल, पण त्या रात्री दुसरं कुठलं दार उघडं नव्हतं.

आणि आमचे लोक नुसते ओढत नेले जातात असं नाही. आई सांगलीकडचा बागायती पट्टा बघून आली, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेल्या पैशातून तिनं दोन शेळ्या घेतल्या, मग घरावर पत्रे टाकले, मग मला वसतिगृहात घातलं. आमच्या गावात आज जेवढी स्लॅबची घरं आहेत त्यातली निम्मी कोयत्यावर उभी आहेत. त्यांना बिचारं म्हटलं की मला त्रास होतो.

गावची आशा

दादा, घर उभं राहिलं हे खरं. ते कुणाच्या अंगावर उभं राहिलं तेही बोलू या.

मी आशा, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती, म्हणून काम करते. फडावर बाई पहाटे तीनला उठते, भाकरी थापते, उजाडायच्या आत उसात. दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. पाळी असली तरी तेच. आडोसा नाही, पाणी नाही. २०१९ मध्ये सरकारी समितीसाठी आमच्या जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यात १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली हे एक कारण. दुसरं कारण मला तिशीतल्या एका बाईनं सांगितलं. मी तिला लोहाच्या गोळ्या द्यायला गेले होते, ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "बरं झालं काढली ताई, आता खाडा पडत नाही." तेव्हापासून कमाईचा हिशोब कुणी मांडला की मला ते वाक्य आठवतं.

पोरींचं आणखी वेगळं. वयात आलेली पोरगी सहा महिने कुणाच्या भरवशावर ठेवायची? फडावर न्यायचं तर कोपीला, म्हणजे तिथल्या झोपडीला, दार नाही. म्हणून पंधरा-सोळाव्या वर्षीच लगीन. कायदा अठराचा आहे, आईबापांना माहीत आहे. आणि जोडी झाली की नवा कोयता, नवी उचल. बालविवाहाला नुसतं अज्ञान कारण म्हणणाऱ्यांनी एकदा हे बघावं.

पंचगंगाकाठ

आमची बाजूही ऐका, कारण बागायतदार म्हणजे सगळा गब्बर अशी समजूत दिसते. माझ्या चुलत्यांनी ट्रॅक्टर घेतला, जमीन तारण ठेवून कर्ज काढलं आणि टोळीसाठी मुकादमाला बारा लाख दिले. टोळी आलीच नाही. नंतर कळलं, त्याच माणसानं आणखी दोघांकडून उचल घेतली होती. चुलते आजही हप्ते फेडतायत. माझ्यासारख्या छोट्या शेतकऱ्याचा ऊस तुरा येऊन वाळत असतो, तेव्हा टोळीला खुशाली आणि ड्रायव्हरला एंट्री, म्हणजे वरचे पैसे, दिल्याशिवाय कोयता लागत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: मशीन येऊ दे. तोडणी यंत्रानं ही सगळी साखळीच तुटेल, तुमची पोरंही शाळेत राहतील.

कोयत्याचा पोरगा

साखळी तुटेल आणि आमची चूलही विझेल, पाहुणे. मशीनला मोठी सलग रानं लागतात, म्हणजे चांगला फड मशीनला जाणार आणि पडलेला, गुंत्याचा, चिखलातला ऊस आमच्या वाट्याला. दर टनावर आहे. त्या उसात दिवसाला दोन टन पडत नाहीत.

चुलत्यांचं वाईट वाटलं. पण बघा, तुमचं आणि आमचं, दोघांचंही कर्ज एकाच माणसाच्या वहीत आहे. कारखान्याचं मात्र त्या वहीत नाव नाही. ऊस गाळणारा कारखाना, साखर विकणारा कारखाना, पण मजूर म्हणून माझी आई त्याच्या कुठल्याच हजेरीपटावर कधी नव्हती.

गावची आशा

हे शंभर टक्के. माणूस मेलं तरी कुणाकडं कामाला होतं हे सिद्ध करायचे वांधे.

रानवाट

वेठ हा शब्द सरसकट वापरला, ते चुकलं. तुमच्या आईनं शेळ्या घेतल्या तो निर्णय तिचा होता, त्याला वेठ म्हणणं अन्यायाचं आहे. बाकी राहते आणि पुढच्या सालचं जाणं ठरून जातं, त्या ठिकाणी मात्र मी तो शब्द ठेवते.

मशीनवाल्या दादांना एवढंच सांगते, पोरं शाळेत आपोआप राहत नाहीत. हंगामी वसतिगृहाच्या योजनेत आमच्याकडे मुलं आजीकडे झोपतात आणि शाळेत जेवतात. योजना चांगली आहे, पण कधी हंगाम अर्धा सरल्यावर मंजुरी येते, तोवर पोरं फडावर गेलेली असतात. मागे राहिलेल्यांत सहावीतली एक मुलगी आहे. दोन धाकटे भाऊ आणि डोळ्यांनी अधू आजी तिच्यावर. रात्री आठला आईचा फोन येतो तेव्हा ती रोज एकच सांगते, सगळे जेवलो. मागच्या आठवड्यात माझ्या समोर फोनवर तसंच म्हणाली. त्या दिवशी घरात पीठ नव्हतं, ती माझ्याकडे पीठच मागायला आली होती.

कोयत्याचा पोरगा

मॅडम, रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. पिशवीचं आलं तेव्हा ती गप्प बसली, मी पुढं विचारलं नाही. वेठ म्हणायचं का विचारलं तर म्हणाली, कामाचं दुःख नव्हतं रे, बावीस वर्षांत मुकादमाची वही एकदाही हातात मिळाली नाही. किती टन पडला, किती खर्ची उचलली, तो सांगेल ते खरं.

रानवाट

फडावर वजनाच्या चिठ्ठ्या मिळतात ना? त्या आईंनी कधी जपून ठेवल्या होत्या का? एप्रिलमध्ये आमची माणसं परत आली की पालकसभेत मी चिठ्ठ्या आणायला सांगणार आहे. सातवीची पोरं बेरीज-वजाबाकी करतील. तुम्हाला सुट्टी असेल तर या, मुकादमाच्या हिशोबातल्या कपाती कशा वाचायच्या ते मला कळत नाही.

कोयत्याचा पोरगा

येतो. आईलाही आणतो, कपाती तिला पाठ आहेत.