स्नेअरचा आवाज ‘बद्द’ की ‘कोंदलेला’? माईक घेण्याआधी शब्द ठरवू

पाथर्डीफाटा:
मंडळी, प्रश्न अर्धा शब्दांचा आणि अर्धा खिशाचा आहे. नाशकात पाथर्डी फाट्याला घरातल्याच एका खोलीत ड्रमसेट लावलाय. १४ इंची स्नेअर (काठ्यांनी वाजवायचा, खाली तारा असलेला ड्रम) आणि त्यावर गाण्यासाठी घेतलेला साधा डायनॅमिक माईक. वाजवताना कानाला आवाज झकास, पण रेकॉर्डिंग ऐकलं की बद्द. दुकानदार म्हणतो, शुअर कंपनीचा एसएम ५७ माईक घ्या आणि मोकळे व्हा. एक मित्र म्हणतो, कंडेन्सर माईकशिवाय मजा नाही. मिक्सिंग करणारा दोस्त मुंबईत असतो. तो फोनवर विचारतो, “क्रॅक कमी आहे की बॉडी?” मला धड उत्तर देता येत नाही. ढोलताशाच्या गावात राहून आवाजाला शब्द सापडू नये, कमाल आहे. तर ‘बद्द’ बरोबर आहे का? आणि शब्द नक्की झाला तर माईकही नक्की होईल का?

मडकंपारखी:
‘बद्द’ हा फार नेमका शब्द आहे, असा सढळ हाताने वाटू नका. उन्हाळ्यात माठ घेताना टिचकी मारून बघतो ना? खणखणला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी तडा. म्हणजे बद्दपणा हा वस्तूच्या अंगचा दोष. तुम्हीच म्हणता की समोर बसून आवाज झकास आहे. मग स्नेअर बद्द नाही आणि तक्रार दुसरीच काहीतरी आहे.

‘कोंदलेला’ म्हणजे अडकून राहिलेला, वर न येणारा. धूर कोंदतो, खोलीत हवा कोंदते, तसाच आवाजही कोंदतो. ‘बसका’ हा गळ्याचा शब्द. वरची धार गेली आणि खालचं तेवढं उरलं की बसका. ‘दबका’ म्हणजे कोणीतरी दाबून धरलेला. वाद्याला दबका म्हटलं की मला वर फडकं टाकलेलं दिसतं. आणि ‘पिचका’ म्हणजे ज्यात भरीवपणाच नाही असा. तुमचा यातला कोणता? कान लावून सांगा, घाई नाही.

ताशेवाला, रविवार कारंजा:
ताई बरोबर बोलल्या. बद्द आम्ही भाद्रपदात रोज म्हणतो. ताशाचं पान, म्हणजे वर ताणून बसवलेलं वाजवायचं तोंड, कातडी असलं आणि पावसाची झड आली की ते उतरतं, सैल पडतं. मघाशी कडाडणारा ताशा बघता बघता बद्द. मग शेकायचा, पान चढलं की पुन्हा कडक. आता बहुतेकांकडे फायबरचं पान आहे. ते ओलाव्याला भीक घालत नाही, पण कातड्याच्या आवाजातली गोलाई त्यात नाही, हे माझं मत. भांडायचं असेल तर रविवार कारंजावर या.

सांगायचं ते हे, की ‘उतरलेलं’ आणि ‘चढलेलं’ हे दोन शब्द आधी घ्या. तुमच्या स्नेअरचं पान उतरलेलं असेल तर कितीही भारी माईक लावा, काही होणार नाही. चावी घेऊन सगळे बोल्ट सारखे ताणा, प्रत्येक बोल्टजवळ हलकेच टिचकी मारून सूर एक येतोय का बघा, मग दुकानात जा.

दुसरं म्हणजे माईक ताशावर तपासायचा तर आम्ही तर्री वाजवतो. तर्री म्हणजे सलग बारीक ठोके, तुमच्या ड्रमवाल्यांचा रोल. दाणा न् दाणा सुटा ऐकू आला तर माईक चांगला, सगळ्याचं पीठ झालं तर नाही. (मिसळीवरच्या तर्रीशी संबंध काय, हे कृपया इथे विचारू नका. दरवर्षी कोणीतरी विचारतं.)

केबलगुंडाळ्या:
‘दाणेदार’ हा शब्द तबलेवाल्यांचा, पण इथे अगदी फिट. माझा धंदा रेकॉर्डिंगचा, तर शब्दांना माईक जोडून देतो.

मुंबईचे दोस्त ज्याला क्रॅक म्हणतात तो आपला ‘कडाका’. काठी पानावर आदळते त्या क्षणाचा आवाज, मोठा भाग साधारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये. बॉडी म्हणजे ‘भरीवपणा’, तो खाली १५० ते २५० हर्ट्झच्या आसपास. आता पाथर्डीफाटा, तुमच्या आवाजात भरीवपणा भरपूर आणि कडाका नाही असं असेल, तर ताईंचा ‘कोंदलेला’ लागू. कडाका आहे पण भरीवपणा नाही, तर ‘पिचका’. आणि मोठ्या ठोक्याला आवाज चिरफाळत असेल तर ‘फाटतोय’.

कोंदण्याचं कारण बहुतेक वेळा माईकची जात नसते, अंतर असतं. एका दिशेने ऐकणारा माईक वाद्याच्या फार जवळ नेला की खालचे स्वर फुगतात. गायक माईक ओठांना चिकटवतो तेव्हा आवाज जाड होतो, त्याचं कारण हेच. तुमचा माईक पानापासून बोटभर अंतरावर असेल तर चार बोटांवर न्या. तोंड पानाच्या मधोमध किंवा किंचित अलीकडे, कडेवरून तिरपं. थेट कडेकडे तोंड केलं तर किणकिण वाढते.

फाटण्याला तर नवा माईक लागतच नाही. प्रीअँपचा गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवायचा ते बटण, कमी करा. सर्वात जोराचा ठोका मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास राहिला की पुरे. स्नेअर फार जोराचं वाद्य आहे, गाण्याच्या सेटिंगवर ते फाटणारच.

आता एसएम ५७. १९६५ सालचा माईक. आजही स्नेअर म्हटलं की पहिलं नाव याचंच, आणि त्याला कारणं आहेत. डायनॅमिक माईकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकात हलतं. हे सगळं जड, त्यामुळे दणका सहज पचतो, पण अगदी बारीक चमक थोडी मागे राहते. कंपनी त्याची मर्यादा ४० ते १५,००० हर्ट्झ सांगते. ५–६ किलोहर्ट्झला त्याला नैसर्गिक उठाव आहे, म्हणून कडाका आपसूक पुढे येतो. वजन ३०० ग्रॅमच्या आत, कडेवरून सहज आत सरकतो. चुकून काठी लागली तर कुरकुर करत नाही, आणि काठी लागतेच.

मात्र एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. तुमचा गाण्याचा माईक शुअरचाच एसएम ५८ असेल तर तो ५७ चा सख्खा भाऊ आहे. मोठा फरक जाळीच्या गोळ्याचा. त्या गोळ्यामुळे पडदा पानापासून लांब राहतो आणि गोळा टॉम (सेटमधला शेजारचा ड्रम) व हाय-हॅट (पायाने मिटायची झांजांची जोडी) यांच्या मध्ये अडतो. म्हणून आधी जागा बदलून बघा, पैसे नंतर.

कंडेन्सरचा पडदा हलका असतो. तर्रीचे दाणे, हलक्या हाताचे ठोके, काठीचं टोक घासल्याचा आवाज, सगळं तो टिपतो. पण त्याला ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे केबलमधूनच येणारा, वीजपुरवठा लागतो, आवाज कमी करायचा पॅड असला तर बरं, आणि तो हाय-हॅटही तितक्याच प्रेमाने टिपतो. एकेजी कंपनीचा ४५१ हा कंडेन्सर स्नेअरवर छान वाजतो. पण तुमच्या खोलीत, पहिलाच माईक म्हणून, मी घेणार नाही.

पाथर्डीफाटा:
केबलदादा, काल रात्री तेच केलं (शेजाऱ्यांची क्षमा मागून). माईक मागे घेतल्यावर कोंदलेपणा निम्म्याहून कमी झाला. बोल्टही ताणले. कडाका अजून हवा तितका नाही, आणि आता नवाच त्रास: हाय-हॅटची चिकचिक स्नेअरच्या ट्रॅकमध्ये घुसतेय. याला सगळे ‘ब्लीड होतंय’ म्हणतात. मराठीत ‘गळती’ म्हणू का?

मडकंपारखी:
नको. गळती म्हणजे आतलं बाहेर जाणं. नळाची गळती, धरणाची गळती, निवडणुकीआधी पक्षातली गळती. तुमच्याकडे बाहेरचं आत येतंय. त्याला ‘शिरणे’ हा साधा शब्द आहे. “स्नेअरच्या माईकमध्ये हॅट शिरतेय.” तुम्ही स्वतःच ‘घुसतेय’ लिहून बसलात आणि मग गळती शोधायला निघालात.

एक भर घालते. वर ‘फाटतोय’ आलं, ते योग्य. पण लोक त्याच अर्थाने ‘फुटतोय’ही म्हणतात, ते टाळावं. मुलाचा आवाज वयात येताना फुटतो, भीतीने तोंडातून शब्द फुटत नाही. ‘फुटणे’मध्ये काहीतरी नवं बाहेर पडतं, ‘फाटणे’मध्ये असलेलं चिरतं. गेन वाढल्याने होतं ते फाटणं.

केबलगुंडाळ्या:
हॅट शिरण्यावर उपाय माईकच्या पाठीत आहे. ५७ ठीक मागच्या बाजूने सर्वात बहिरा. म्हणून माईक असा लावा की त्याची शेपटी, म्हणजे केबल लागते ती बाजू, हॅटकडे जाईल. शुअरचाच बीटा ५७ए जरा वेगळा: त्याचे बहिरे कोन ठीक मागे नाहीत, समोरून मोजलं तर दोन्ही बाजूंना १२० अंशांवर. हॅट बाजूला आणि थोडी मागे येत असेल तर हा बरा बसतो. हॅट दोन इंच वर घेतली तरी फरक पडतो, आणि ते फुकट आहे.

कडाका हवाच असेल तर ऑडिक्सचा आय ५ ऐकून बघा, ५७ पेक्षा जरा उजळ. स्टँडला जागा नसेल तर सेनहायझरचा ई ६०४ कडेला क्लिपने अडकतो. त्याच कंपनीचा ४२१ भरीवपणाला उत्तम, पण त्याचा देह मोठा, हॅट आणि टॉमच्या मध्ये बसवताना मान मोडते.

शाळेच्या बँडातला:
मध्येच तोंड घालतो. आमच्या शाळेच्या बँडात याला ‘साईड ड्रम’ म्हणायचे, स्नेअर शब्द कॉलेजात ऐकला. एका ब्लॉगवर स्नेअरचं मराठी ‘फास-ढोल’ केलेलं पाहून हसू आवरेना (इंग्रजीत स्नेअर म्हणजे फासही). इथला स्नेअर म्हणजे तात, पूर्वी आतड्याची असायची, आता धातूच्या वेटोळ्या तारा. खालच्या पानाला चिकटून असतात आणि ठोका पडला की चर्र करतात. ‘तातेचा ढोल’ म्हणा, नाहीतर सरळ स्नेअर म्हणा.

प्रश्न: त्या चर्र आवाजासाठी खालून वेगळा माईक लावतात का?

केबलगुंडाळ्या:
लावतात. पण एक पथ्य पाळावं लागतं. वरून काठी पडली की वरचं पान वरच्या माईकपासून लांब जातं आणि त्याच क्षणी खालचं पान खालच्या माईककडे येतं. म्हणजे दोन्ही लहरी एकमेकींच्या उलट. तशाच मिसळल्या तर भरीवपणा गायब आणि आवाज पिचका. म्हणून खालच्या माईकवर उलट करायचं बटण दाबायचं. आमच्या धंद्यात “फेज उलटा कर” म्हणतात. काटेकोर बोलायचं तर तो फेज नव्हे, पोलॅरिटी, पण स्टुडिओत कोणी दुरुस्त करत बसत नाही.

ताशाला ही भानगडच नाही. एकतोंडी भांडं, खाली ना पान ना तारा. त्याला वरून एक माईक, जरा लांब. कडाका मुळातच इतका असतो की ५–६ किलोहर्ट्झचा उठाव उलट कानाला बोचतो. ताशावर मी ५७ पेक्षा ४२१ लावेन.

ताशेवाला, रविवार कारंजा:
बोचतो नाही, ‘टोचतो’. बोचतं ते मनाला. बाकी मान्य.

मडकंपारखी:
बूटही बोचतो हो. असो. ठोक्यानंतर जो आवाज रेंगाळतो त्याला ‘सस्टेन’ का म्हणता? तंबोऱ्याची, तबल्यातल्या बायाची (डग्ग्याची) ‘आस’ म्हणतोच ना आपण. स्नेअरची आस. आणि पोकळीमुळे भरून येतो तो ‘घुमारा’. ढोलाला घुमारा हवा, स्नेअरला आस थोडी. आस लांबली आणि एकाच सुरात ऐकू येऊ लागली की ‘किणकिण’. तेव्हा पानाच्या कडेजवळ चिकटपट्टीचा तुकडा लावतात.

पाथर्डीफाटा:
वा! मुंबईच्या दोस्ताला हे पाठवतोय, तपासून द्या:
“भरीवपणा आहे, कोंदलेपणा गेला. कडाका थोडा कमी. हॅट शिरतेय, पण आता सोसण्याइतकी. किणकिण नाही, आस बेताची. कुठेही फाटत नाही. एकूण आवाज कडक हवा. माईक वापरलेला एसएम ५७ बघतोय.”

ताशेवाला, रविवार कारंजा:
‘कडक’ काढा. चहाही कडक, इस्त्रीही कडक, साहेबही कडक. मुंबईवाला त्यातून काय समजणार? ‘कडाका वाढव’ लिहा, म्हणजे तो कुठलं बटण फिरवायचं ते बघेल.

केबलगुंडाळ्या:
आणि वापरलेला ५७ घेताना जपून, बाजारात नकली भरपूर आहेत. सोबत माईकची एक्सएलआर केबल आणि हेडफोन घेऊन जा, तर्री वाजवून बघा.