मदत हवी आहे : बॉर्न आयडेंटिटी वाचलेल्यांनी सांगा की

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूरचे, रविवारी जमून एकेक पुस्तक वाचतो, यावेळी रॉबर्ट लुडलमचं 'द बॉर्न आयडेंटिटी' घेतलंय, 1980 चं. सुरुवात काय जबरदस्त हाय, गोळ्या लागलेला माणूस भूमध्य समुद्रात कोळ्यांना सापडतो, नावगाव काही आठवत नाही आणि कमरेच्या कातडीखाली मायक्रोफिल्म, त्यावर झुरिकच्या बँकेतला खाते नंबर! तिथवर सगळ्यांनी एका दमात वाचलं.

वाद पेटलाय तो पुढं. तो ज्यांच्यासाठी काम करत होता ती अमेरिकी गुप्तहेर खात्यातली त्याचीच माणसं त्याला फितूर समजून मारायला बघतात, तर हा सरळ दगा झाला असं बाकीचे म्हणतात, मला मात्र पटत नाही, कारण इतके महिने माणसाचा पत्ता नाही, वर बँकेतले पैसे हललेले, त्यांनी तरी काय समजायचं? तुम्हाला काय वाटतं, सविस्तर लिहा, फक्त शेवट फोडू नका, दोघांचं अजून वाचून व्हायचंय.

आणि एक, 2002 च्या सिनेमात कार्लोस, म्हणजे पुस्तकातला त्याच्या मागावरचा मारेकरी, नाहीच म्हणे, मग आधी बघितला तर पुस्तकाची मजा जाते का? बाबांनाही वाचायचंय पण त्यांना मराठीतच पाहिजे, अनुवाद कुणी वाचला असेल तर भाषा कशी आहे आणि बेळगावात नाहीतर कोल्हापुरात कुठं मिळेल तेवढं कळवा प्लीज.