मदत हवी आहे: बॅटरी पासपोर्टमध्ये क्षमतेचा रकाना कोरा राहतोय

युरोपात २ किलोवॅट-तासांवरच्या औद्योगिक बॅटऱ्यांना १८ फेब्रुवारी २०२७ पासून डिजिटल पासपोर्ट (बॅटरीची माहिती देणारी ऑनलाइन नोंद) लागणार. चाकणच्या लाइनवरचा डेटा ओपीसी यूएवरून (यंत्रांमधल्या डेटा देवाणघेवाणीचं मानक) ॲसेट ॲडमिनिस्ट्रेशन शेलमध्ये (वस्तूची ठरावीक साच्यातली डिजिटल नोंद) नीट उतरतोय, घोडं अडलंय पुढे. आमच्या सबमॉडेलमधला (शेलचा एका विषयाचा भाग) क्षमतेचा इक्लास कोड (गुणधर्म ओळखायचा प्रमाणित कोड) ००२ ने संपतो, सेलवाल्याच्या फाइलमधला ००३ ने. गुणधर्म तोच, पण मॅपिंग पूर्ण स्ट्रिंग ताडतं, म्हणून रकाना कोरा. एररही येत नाही, हे जास्त घातक!

शेवटचे आकडे, म्हणजे आवृत्ती क्रमांक, छाटले की जुळतं. मग एकक कोण तपासणार? ३.२ व्होल्टच्या सेलचे १०० अँपिअर-तास म्हणजे ३२० वॉट-तास. नुसते १०० आत गेले की बोंब.

कोणती आवृत्ती कोणाशी जुळते याचा तक्ता गेटवेत (लाइन आणि शेल जोडणारा दुवा) ठेवावा की शेलमध्येच? भोसरी-चाकणकडे कोणी केलंय का? नावं झाकून नमुना जेसन (डेटाची मजकूर फाइल) टाकलात तरी चालेल.